गळाचे प्रकार: कोणत्या माशाला कोणता गळ लावायचा?

वैनगंगाकाठ (पवनी)

राम राम मंडळी.

आमच्या बाजारात गळ सुटे मिळतात. प्लास्टिकच्या एका डबीत सगळे कालवलेले: आखूड दांडीचे, लांब दांडीचे, टोक आत वळलेले, टोक बाजूला कललेले, काही तर नेढं नसलेले, नुसतं चपटं डोकं. दुकानदार "बारका देऊ का मोठा?" एवढंच विचारतो. आजवर मीही बारका-मोठा पाहूनच घेत आलो. आता पुतण्या सोबत यायला लागलाय आणि त्याचे प्रश्न असतात: हा असा का, तो तसा का? त्याला ऐकीव उत्तर द्यायचं नाही, म्हणून इथे विचारतो.

आमच्याकडे गांडूळ आणि कणीक ही दोनच आमिषं जास्त चालतात. मासे म्हणाल तर रोहू, मृगळ, कटला, बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) मरळ, रात्री नदीवर पडीन. या गळांमधला कोणता फरक खरोखर कामाचा? आणि दुसरं, लहान रोहू परत सोडावा म्हटलं तर गळ पार घशात गेलेला असतो. यावर गळ बदलून काही उपाय होतो का?

बोडीवाला (सडक अर्जुनी)

भाऊ, प्रश्न चांगला काढलात. सविस्तर लिहितो.

गळ हातात घ्या. वर तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधायचं नेढं. त्याखाली सरळ दांडी. मग वाक. मग टोक, आणि टोकाच्या आत उलटा काटा. यात आपण सगळ्यात कमी कशाकडे बघत असू तर टोक आणि दांडी यांमधल्या मोकळ्या जागेकडे. मी तिला गाळा म्हणतो. मासा धरला जातो तो या गाळ्यात. तो कणकेने ठासून भरला तर टोक कितीही तिखट असो, माशाच्या ओठाला लागायला वावच उरत नाही. गळ लहान पडला असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा आमिष मोठं झालेलं असतं.

आता माशाचं तोंड बघा. माझ्या मते सगळा निवाडा तिथेच होतो, गळाच्या पाकिटावर नाही. रोहूचं तोंड खाली वळलेलं, ओठ जाड आणि कडेला झालरीसारखे. कटल्याचं तोंड मोठं आणि वर उघडणारं, कारण तो वरच्या थरात खातो. मृगळ तळाशी चरतो. या तिघांच्याही जबड्यात दात नाहीत. जे आहेत ते घशात. त्यामुळे हे मासे चावत नाहीत, ओढून घेतात. पाण्यासकट आमिष आत खेचतात, आत काही टणक लागलं की तेवढ्याच वेगाने बाहेर फुंकतात. पाणी स्वच्छ असेल तेव्हा काठावरच्या उथळात कणकेची गोळी टाकून बघा. गोळी तोंडात जाते, बाहेर येते, परत जाते. तरंगी (दोऱ्याला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण) जी बारीक थरथरते ती यामुळे.

म्हणून या तिघांना गळ हवा आखूड दांडीचा, रुंद गाळ्याचा, बारका पण जाड तारेचा. आखूड दांडी कणकेच्या गोळीत पूर्ण लपते. लांब दांडी बाहेर राहते, ओठाला लागते आणि मासा फुंकून टाकतो. टोक थोडं उघडं ठेवायचं. तार मात्र बारीक नको. तीन किलोचा कटला पळायला लागला की बारीक तारेचा गळ उघडून सरळ होतो. बाजारात 'चिनू' नावाने जो जपानी घाटाचा गळ मिळतो तो याच कामाचा. चिनू हे तिकडच्या एका समुद्री माशाचं नाव, पण घाट आपल्या रोहूला चपखल बसतो.

गांडुळाचं गणित वेगळं. तिथे दांडी लांब हवी, म्हणजे गांडूळ तिच्यावर चढवता येतं आणि गोळा होऊन टोकाशी जमत नाही. काही गळांच्या दांडीवर मागच्या बाजूला दोन बारीक खाचा उचललेल्या असतात. कारखान्यातला दोष वाटतो, पण त्या गांडूळ खाली घसरू नये म्हणून मुद्दाम काढलेल्या असतात.

पूर्णाकाठ (अकोला)

राजेहो, मले एक सांगा. नंबराचा काय हिशेब असते? मी ऑनलाइन दहा नंबर मागवला, मोठा येईन म्हून. आला तर पाहा, मुंगीएवढा. मंग दुसऱ्या कंपनीचा चार नंबर घेतला, तो पहिल्याच्या सहा नंबराएवढा. काहून असं?

मोर्शीकर

पूर्णाकाठ भाऊ, आकडा उलटा चालतो. १ नंबरपासून वर जाल तसा गळ बारीक होत जातो: २, ४, ६, ८, १०, १२. १ च्या पलीकडे मोठे गळ सुरू होतात, ते १/०, २/०, ३/० असे लिहितात आणि तिथे मात्र आकडा वाढेल तसा गळ वाढतो. म्हणजे ४ आणि ४/० यांत जमीन-अस्मानाचा फरक. पाकिटावरची ती तिरपी रेघ आणि शून्य नीट वाचा.

सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं एकच माप नाही. त्यामुळे एकाचा ४ दुसऱ्याच्या ६ एवढा येणारच. त्यातून जपानी बाजारासाठी बनलेल्या चिनूच्या पाकिटांवर साधाच आकडा चढता असतो, १ लहान आणि ५ मोठा. म्हणून मी दुकानात जाताना जुना गळ सोबत नेतो आणि शेजारी ठेवून गाळा मापतो.

अंदाजाला सांगायचं तर किलो-दोन किलोच्या रोहू-मृगळाला ८ ते ४, मोठ्या कटल्याला २ ते १/०, मरळीला १/० ते ३/०, पडीनला ३/० च्या पुढे. आमच्या अप्पर वर्ध्यावर मी रोहूला बहुतेक ६ नंबरच लावतो.

ढिवराची लेक (भंडारा)

सगळ्या दादांना नमस्कार. आमच्या घरी जाळं आणि गळ दोन्ही चालतात, बाबा अजून डोंगा घेऊन जातात. पडीनबद्दल लिहिते, कारण वर फक्त नंबर आलाय.

पडीनचं तोंड डोळ्याच्याही मागे चिरलेलं असतं आणि जबड्यात बारीक धारदार दातांचे पट्टे. आखूड दांडीचा गळ त्या तोंडात पूर्ण आत जातो, तंगूस दातांवर येतं आणि घासून तुटतं. काठीने धरताना बाबा लांब दांडीचाच गळ लावतात आणि वर वीतभर तार. शिंगाडा आणि कटवा या माशांना तार लागत नाही, पण लांब दांडी हवीच, कारण त्यांचे काटे अंगाला लागू न देता गळ काढायला दांडी धरायला मिळते. चिमटीत दांडी पकडायची, मागे ढकलायचं, मग बाहेर.

पडीन आता पूर्वीसारखा मिळत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे. पावसाळ्याच्या तोंडाला पोटात गाभोळी असलेली मादी आली तर बाबा सोडून देतात, आणि मला वाटतं काठावर हौसेने बसणाऱ्यांनीही सोडावी. सोडायची तर ती जगली पाहिजे, म्हणून वैनगंगाकाठ दादांचा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्यावर उत्तर आहे: आत वळलेल्या टोकाचा गळ, ज्याला सर्कल हुक म्हणतात. तुमच्या डबीत जो 'टोक आत वळलेला' आहे तो हाच असणार.

नवेगाव बांध

ताई, तो गळ मी वापरून पाहिला. मासा ओढतो, आपण झटका देतो आणि गळ रिकामा बाहेर येतो. टोकच आतल्या बाजूला आहे तर मासा लागेल कसा? आपला साधा गळ बरा, टोक दांडीला समांतर, झटका दिला की रुतला.

ढिवराची लेक (भंडारा)

दादा, झटका दिला म्हणूनच तो रिकामा येतो. साधा गळ आणि हा गळ यांत आकाराइतकाच हाताचा फरक आहे.

साध्या गळाचं टोक सरळ वर बघतं. जिथे ओढ बसेल तिथे ते रुततं. ओठात असेल तर ओठात, घशात असेल तर घशात. लक्ष नसताना तरंगी बुडाली आणि मासा आमिष गिळून बसला की मग झटका घशातच लागतो. आत वळलेल्या गळाचं टोक दांडीकडे बघतं, जवळजवळ काटकोनात. मासा गिळतो, वळतो, चालू लागतो. तंगूस हळूहळू ताणलं जातं आणि गळ घशातून बाहेर सरकायला लागतो. टोक आत असल्यामुळे वाटेत मऊ मांसात कुठे रुतत नाही. जबड्याच्या कोपऱ्यापाशी आला की तिथली कड गाळ्यात शिरते, गळ स्वतःभोवती फिरतो आणि कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर हे सरकणं आणि फिरणं व्हायच्या आतच गळ तोंडाबाहेर. म्हणून काठी उचलायची नाही. तंगूस ताठ होऊ द्यायचं आणि सावकाश गुंडाळत राहायचं. बाबांना ही सवय लागायला एक आख्खा हंगाम गेला, पण आता रात्री टांगून ठेवलेल्या दोऱ्यांना ते हाच गळ बांधतात. सकाळी मासा कोपऱ्यात लागलेला आणि जिवंत असतो, आणि जिवंत माशाला बाजारात भावही चांगला येतो.

बोडीवाला (सडक अर्जुनी)

ताईंनी अगदी नेमकं लिहिलंय. थोडी भर घालतो.

हा घाट नवा नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी गुहेत समुद्री शंखापासून घासून केलेले गळ मिळालेत, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. त्यांना उलटा काटा नाही, आणि आकार आत वळलेला. पॅसिफिक बेटांवरचे लोकही हाडाचे आणि शिंपल्याचे असेच गळ करत. हाडाचा गळ झटक्याने मोडतो, तेव्हा मासा आपोआप लागेल असाच आकार त्यांना हवा होता. अलीकडे अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे नैसर्गिक आमिषाने धरायचे तर २००८ पासून हा गळ सक्तीचा आहे, कारण सोडलेले मासे जास्त जगतात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कणकेवर रोहू धरायला हा गळ मला पटत नाही. हा गळ चालतो तो आमिष घेऊन पळणाऱ्या माशाला. रोहू पळत नाही, जागेवर ओढतो आणि फुंकतो. तिथे आखूड दांडीचा साधा गळ आणि मनगटाची हलकी उचल हेच बरं. रोहूने गळ गिळू नये यासाठी उपाय एकच, तरंगीवर नजर. काठी रोवून गप्पा मारत बसलं की लहान रोहू घशात घेणारच.

आणखी एक: आत वळलेल्या गळातही काहींचं टोक बाजूला कललेलं असतं. गळ सपाट फरशीवर ठेवा. सपाट बसला तर ठीक. टोक वर उचललेलं दिसलं तर तो घेऊ नका. कललं की टोक वाटेत मांसात रुततं आणि आत वळवण्याचा उपयोगच जातो.

पूर्णाकाठ (अकोला)

मंग साध्या गळात कललेलं टोक कायले देतात? माह्याकडं तसेच जास्त हायेत.

मोर्शीकर

तो कर्बी घाट. सतराव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स कर्बी नावाचा गळ बनवणारा होता, त्याच्या नावाने ओळखतात. टोक कललेलं असलं की माशाच्या बंद तोंडातून गळ सपाट निसटत नाही, कुठेतरी टोचतोच. तंगूस ओढून तरंगी बुडवणाऱ्या माशांना चांगला. पण जिवंत आमिष लावलं तर ते पाण्यात गरगर फिरतं, तिथे सरळ टोक घ्या.

मस्टॅडचं नाव आपल्याकडे सगळ्या जुन्या लोकांच्या तोंडी आहे. नॉर्वेची कंपनी, १८३२ ची, आणि १८७७ पासून गळ बनवते. त्यांच्याच एका कारागिराने गळ वाकवायचं यंत्र काढलं, त्याआधी गळ हाताने वळायचे. मी त्यांचे वापरतो, पण नाव बघून डोळे मिटून घेऊ नका, नकली पाकिटं खूप आहेत. टोक नखावर टेकवून अलगद ओढा. नखात अडलं तर गळ तिखट. घसरलं तर कानस मारा, नाहीतर टाकून द्या. मासे निसटण्याचं सगळ्यात मोठं कारण बोथट टोक आहे आणि आपण दोष देतो आमिषाला.

चोरखमारा

मरळीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. धान कापणीला आलं की बांध्यांचं पाणी उतरतं आणि मरळ बोडीच्या कडेच्या गवतात, कमळाच्या पानांखाली येते. ती हवा घ्यायला वर येते, त्यामुळे जागा कळते. पण तिथे साधा गळ टाकला की पहिल्याच ओढीत गवतात अडकतो.

यासाठी रबरी बेडूक घ्या. त्याच्या पोटातून दोन तोंडांचा गळ निघतो आणि दोन्ही टोकं पाठीला चिकटून वर बघतात. बेडूक पानांवरून घसरत जातो, काही अडकत नाही. मरळ चावली की रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. तिचं तोंड हाडाचं आणि टणक, म्हणून इथे तार जाड हवी आणि झटका जोरात हवा. हल्ला झाल्याबरोबर नको, क्षणभर थांबून, तिने तोंड मिटल्यावर. सर्कल गळाचा नियम इथे लावू नका.

खरा बेडूक लावू नका ही कळकळीची विनंती. आपला मोठा पिवळा बेडूक वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि धानातले किडे तोच खातो. तसंच पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा खदखदताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही धावून येतात. एक मरळ मिळते आणि थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

तीन तोंडांच्या गळाबद्दल एवढंच की तो लाकडी-प्लास्टिकच्या नकली माशाला ठीक. काही जण तो रिकामाच पाण्यातून ओढतात आणि माशाच्या पोटाला, पाठीला अडकवतात. निम्मे मासे फाटून निसटतात आणि मरतात. हे बंद झालं पाहिजे.

आरोग्य सेविका (मूल)

मी गळ टाकत नाही, माझे मिस्टर टाकतात. पण उपकेंद्रात बोटात गळ रुतलेले लोक येतात म्हणून लिहिते. उलटा काटा आत गेला असेल तर ज्या वाटेने गेला त्या वाटेने जोरात ओढू नका, मांस फाटतं. तंगूस कापा, गळ हलू नये म्हणून वर कापड बांधा आणि दवाखान्यात या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. डोळ्याला किंवा डोळ्याजवळ लागला असेल तर हातही लावू नका, डोळ्यावर दाब न येईल असं झाकून थेट मोठं रुग्णालय.

पुतण्या लहान असेल तर दादा, त्याच्या गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून द्या. काठी मागे फिरवताना मुलं बघत नाहीत.

नवेगाव बांध

काटा दाबला तर मासे जातील ना, ताई?

बोडीवाला (सडक अर्जुनी)

तंगूस सैल सोडलं तरच जातात. ताण कायम ठेवला तर सपाट काट्यावरही मासा येतो, आणि टोक उलट लवकर रुततं, कारण काट्याचा जाडपणा आड येत नाही. शिकणाऱ्याला ताण ठेवायची सवय लागते ती यानेच. आणि लहान मासा सोडताना गळ नुसता उलटा फिरवला की निघतो. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

गळ घशात गेलाच असेल तर आत बोटं किंवा पक्कड घालून उपटू नका. तोंडाशी तंगूस कापा आणि मासा सोडा, जगण्याची शक्यता जास्त. इथे धातू महत्त्वाचा. साधा तांबूस रंगाचा पोलादी गळ गंजून झिजत जातो. स्टेनलेसचा तसाच राहतो. गोड्या पाण्यात स्टेनलेसची गरज नाही, साधा घ्या आणि घरी आल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा.

ढिवराची लेक (भंडारा)

कापलेलं तंगूस काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. आमच्या भंडारा-गोंदियाच्या धानात आणि तलावांत मोजके सारस उरलेत, ते याच कडेला चरतात. पायात तंगूस गुंतलं तर पक्षी सोडवून घेऊ शकत नाही. आणि तलाव मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर गळ टाकायच्या आधी संस्थेला विचारा. तिथलं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं.

वैनगंगाकाठ (पवनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा पुतण्याला वाचून दाखवला. त्याने लगेच डबी फरशीवर ओतली आणि एकेक गळ सपाट बसतो का ते बघत बसला.

आता बाजाराच्या दिवशी रोहूसाठी आखूड दांडीचे ६ नंबर, गांडुळासाठी खाचांची लांब दांडी, आणि पडीनच्या दोऱ्यांना आत वळलेले ४/० घेणार. फक्त चपट्या डोक्याच्या गळांचं राहिलं. नेढंच नाही तर तंगूस बांधायचं कुठे?

मोर्शीकर

दांडीला. तंगूस दांडीला समांतर ठेवा, त्याचा एक फासा करा आणि मोकळ्या टोकाने दांडी आणि तंगूस दोन्हींभोवती सहा-सात वेढे घ्या. टोक फाशातून काढा, थुंकीने ओलं करा आणि हळूहळू ओढा. वेढे चपट्या डोक्याखाली जाऊन अडकतात आणि तंगूस डोक्याच्या आतल्या, म्हणजे टोकाकडच्या बाजूने निघायला हवं. बाहेरच्या बाजूने निघालं तर डोक्याची कड तंगूस कापते. बांधून झालं की गळ लाकडात अडकवून एकदा जोरात ओढून बघा.